जामीन मंजूर, माणूस आत: एका सभेच्या कामाच्या नोंदी

१३ जुलै २०२५, रविवार

संध्याकाळी वाचनालयात बसलो. सभा घ्यायची हे लगेच पक्कं झालं. कशावर घ्यायची, यातच रात्र झाली. गुरुजींच्या मनात मोठी प्रकरणं आहेत, फाशीच्या कोठडीतून निर्दोष सुटलेली माणसं वगैरे. वक्त्यांची यादीही ते खिशात घालूनच आले होते. पोरांना मेणबत्ती मोर्चा काढायचा होता. झडीच्या दिवसांत मेणबत्त्या पेटत्या कोण ठेवणार, एवढ्यावरच तो मागे पडला.

मी सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, रेशनची केवायसी असं करत सगळं गाव माझ्या टेबलासमोरून जातं. आमच्या पंचक्रोशीतून जेलात जाणारा माणूस पेपरात येणाऱ्यांपैकी नसतो, हे मला तिथे बसूनच कळलं. विहिरीवरची मोटार, केबल, एखादी बकरी, मोहाची दारू, अशा कशाच्या तरी संशयात तो उचलला जातो आणि खटला उभा राहायच्या आधीच त्याचे महिने आत जातात. मी म्हटलं, सभा याच माणसावर घेऊ. गुरुजींची मोठी प्रकरणं आधाराला राहतीलच. गुरुजी थोडे रुसले, पण यादी परत खिशात गेली.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा तुरुंगांचा अहवाल काढून छापला. वर्षअखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. शंभरातले शहात्तर. यातल्या कुणाचाही गुन्हा अजून शाबीत झालेला नाही.

तारीख ठरवली ३१ ऑगस्ट. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून तो विमुक्त दिन. अडाण नदीच्या पलीकडे फासेपारध्यांचा बेडा, म्हणजे वस्ती आहे. कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली, तरी गावात काही चोरीला गेलं की जीप आधी तिकडे वळते.

२० जुलै, रविवार

बेड्यावर गेलो. सोबत आशाताई होत्या. लसीकरणामुळे त्यांना तिथलं घर न् घर माहीत आहे. मी एकटा, तोही हातात वही घेऊन गेलो असतो, तर माणसं रानाकडे निघून गेली असती.

कुणाचं कोण आत आहे, किती दिवसांपासून, वकील आहे का, एवढंच विचारत फिरलो. एका मायचा पोरगा फेब्रुवारीपासून आत. केस केबलचोरीची. कागद दाखव म्हटल्यावर तिनं झोपडीच्या वाशाला टांगलेली कापड दुकानाची प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत पोराच्या लसीचं जुनं कार्ड, मतदानाची चिठ्ठी, औषधाची दोन बिलं आणि चार घड्या घातलेला कोर्टाचा कागद. पावसाचं पाणी लागून घडीवरची अक्षरं फुटली होती.

"हा तारखेचा कागद हाये," ती म्हणाली.

वाचला तर जामिनाचा आदेश. मार्चमधला. पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. खात्रीसाठी कागदावरचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) मोबाईलवर ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर टाकला. रेंज येत-जात होती, पण उघडलं एकदाचं: अर्ज मंजूर.

आशाताई म्हणाल्या, "माय, तुह्या पोराले जामीन भेटला ना वं."

"मंग तो येत काऊन नाई?"

याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. मग हळूहळू तिच्याकडूनच निघालं. वकिलानं 'जामीनदार आणा' म्हणून निरोप दिला होता. जामीनदार म्हणजे सातबारावाला, आणि बेड्यावर एकाच्याही नावावर शेत नाही. गावात तिनं दोघांना विचारून पाहिलं. एकानं उद्या ये म्हटलं, दुसऱ्यानं दार लावून घेतलं. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं. भेटीला गेली की पोरगा काचेपलीकडून विचारतो, माणूस भेटला का. ही मान हलवते. बिस्किटाचे पुडे आत जाऊ देत नाहीत, ते तसेच घेऊन परत येते.

परत येताना आशाताई पूर्ण रस्ताभर गप्प होत्या. मी मात्र डोक्यात सभेचा फलक लिहीत होतो. सभा जामीनदारावर घ्यायची.

२४ जुलै, गुरुवार

जिल्ह्याच्या ठिकाणी लोक अभिरक्षक कार्यालयात गेलो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे हे वकील फौजदारी खटल्यात गरिबाची बाजू फुकट मांडतात. तिथल्या वकील मॅडमनी कागद वाचला, तारीख दोनदा पाहिली आणि लगेच अर्ज लिहायला घेतला. लिहिता लिहिता बोलत होत्या, मी टिपून घेत होतो.

कोठडीत असलेल्या कुणालाही सरकारी खर्चानं वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्येच ते आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा लागत नाही. कोठडीत आहे, एवढं पुरे. (दाखल्यांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऐकून गंमतच वाटली.) १५१०० हा नंबर देशभर चालतो.

जामीन होऊनही माणूस आत राहतो, याची दखल सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात घेतली आहे. जामिनाच्या आदेशाची प्रत कोर्टानं ई-मेलनं जेलात पाठवायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलच्या अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट आपणहून अट सैल करता येते का ते पाहू शकतं. स्थानिकच जामीनदार हवा या हट्टानं सुटका अडते, हेही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मी विचारलं, मग या पोराचं असं कसं झालं? मॅडम म्हणाल्या, "आदेश खालपर्यंत पोचायला कुणीतरी त्याच्या मागे लागावं लागतं. याच्या मागे कोण होतं?"

दुसरी गोष्ट कलम ४७९ ची. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, ते आहे. कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला तर त्याला जामिनावर सोडायचं. पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काढला तरी पुरे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळलेत, आणि एकाहून जास्त केसेस चालू असल्या तर तोही लाभ मिळत नाही. बेड्यावरच्या पोरांवर एकाच रात्री तीन-तीन केसेस का लागतात, याचा अर्थ हे ऐकताना जरा वेगळाच लागला. तसं मॅडम बोलल्या नाहीत, हे माझं मत.

सभेला यायचं त्यांनी कबूल केलं. एका अटीवर: पोरगा सुटला तरी त्याला स्टेजवर आणायचं नाही, आणि तो निर्दोष आहे असं कुणीही माईकवरून म्हणायचं नाही. खटला चालू आहे. अट रास्त आहे. त्यानं केबल चोरली की नाही हे मलाही माहीत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

डवरणी आटोपलेली, फवारणी चालू. बांधाबांधावर जाऊन शेतकऱ्यांशी बोललो. प्रश्न एकच: कुणाचा जामीन घ्याल का?

भावाचा घेतील, जावयाचा नाइलाजानं. बाकी कुणाचा नाही. कारण विचारलं की सगळ्यांचं एकच: शेत जाते. कुणाच्या तरी चुलतभावाच्या साल्याचं गेलं म्हणून प्रत्येकानं ऐकलेलं. कुणाचं गेलं ते नाव मात्र एकालाही सांगता आलं नाही.

मॅडमना फोन करून नीट समजून घेतलं. जामीनदार तारखेला आरोपी कोर्टात हजर राहील याची हमी देतो. त्यानं गुन्हा केला की नाही, याच्याशी जामीनदाराचा संबंध नाही. आरोपी पळाला तर आधी नोटीस येते, कारण सांगायला संधी मिळते, आणि बंधपत्रात लिहिली तेवढीच रक्कम मागतात. ती कमी करायचा अधिकारही कोर्टाला आहे. नको वाटलं तर जामीनदार मध्येच अर्ज देऊन मोकळा होऊ शकतो. पंधरा हजारांच्या जामिनापायी चार एकर जातात ही पारावरची कथा आहे.

अर्थात पंधरा हजार जाणं म्हणजेही सोयाबीनच्या एका हंगामाचा नफा जाणं. जोखीम नाही असं सभेत म्हणायचं नाही. किती आहे ते सांगायचं.

एकानं भाड्याच्या जामीनदाराचं सांगितलं. कोर्टाच्या आवाराबाहेर तसले लोक उभे असतात, पैसे मोजले की कुठलाही सातबारा घेऊन ते हजर. कागद खोटा निघाला की जामीन रद्द आणि माणूस पुन्हा आत. हेही फलकावर घ्यायचं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पोरगा सुटला. कोर्टानं जामीनदाराची अट काढून जातमुचलक्यावर सोडलं. रात्रीच्या एसटीनं आला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. सरपंचताईंनी विषय घेतला: कायदेविषयक जनजागृतीसाठी शाळेचं पटांगण आणि ग्रामपंचायतीचा भोंगा. ठराव झाला, पण त्याआधी व्हायचं ते झालंच.

ज्यांची केबल गेली होती ते काका उठले. "चोराईसाठी सभा घेऊन राह्यले का तुमी?"

ताई म्हणाल्या, "चोर कोन ते कोर्ट ठरवीन, काका."

"ठरवीन तवा ठरवीन. माह्या केबलीचं काय? अठरा हजाराची केबल. ओलित बंद पडलं, हरभरा गेला माहा."

सगळे हसले, मला हसू आलं नाही. प्रश्न खरा आहे. वहीत शब्दन्शब्द लिहून घेतला आणि काकांना म्हटलं, सभेला या आणि असाच विचारा. ते म्हणाले, "येतो न. भेतो का कोनाले?"

१९ ऑगस्ट, मंगळवार

तारीख बदलावी लागली. ३१ ला महालक्ष्म्या बसतात. घराघरांत बायांना मान वर करायला फुरसत नसते. हे आम्हा बाप्यांच्या बैठकीत कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, सरपंचताईंनी एका वाक्यात सांगितलं. नवी तारीख १४ सप्टेंबर, रविवार. पितृपक्ष आहे म्हणून दोघांनी कुरकुर केली. मंडपवाला मात्र खूश, पितृपक्षात त्याचं सामान गोदामात धूळ खात असतं. भाडं निम्म्यावर आलं.

फलकांवर मात्र कडाक्याचं भांडण झालं.

मोतीरामचा फलक सगळ्यांना आवडला. हा मध्य प्रदेशातला गवंडी. सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला, पण खालच्या कोर्टानं दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ जामीन राहायला तयार असताना तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी दहा हजारांची अट एक हजारावर आणली आणि जिल्ह्याबाहेरचा जामीनदार नाकारणं चूक ठरवलं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचं प्रकरण, आणि बेड्यावरच्या पोराचंही दुखणं तेच.

दुसरा फलक नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातल्या एका कैद्याचा. १९९४ च्या पुण्यातल्या खुनांसाठी फाशी झालेली. शाळेच्या नोंदीवरून सिद्ध झालं की गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय बारा वर्षांच्या आसपास होतं. २७ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडायला सांगितलं, तोवर अठ्ठावीस वर्षं आत गेली होती. बालगुन्हेगाराला त्या काळी जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. शाळेच्या दाखल्याला किती वजन असतं, ते रोज तो छापून देणाऱ्या मला तेव्हा कळलं.

वाद पेटला तो पांडू नरोटेवर. गडचिरोलीतला आदिवासी शेतकरी. माओवाद्यांशी संबंधाचा आरोप असलेले दिल्लीचे प्रा. साईबाबा यांच्या खटल्यात २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयानं जन्मठेप दिली. ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेत असतानाच तो वारला. दोन महिन्यांत, १४ ऑक्टोबरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं रद्द करून फेरसुनावणीला पाठवला, आणि ५ मार्च २०२४ ला खंडपीठानं पुन्हा निर्दोषच ठरवलं.

"हा फलक लावला की आपल्यावर शिक्का बसलाच म्हणून समजा," एक जण म्हणाला. "परवानगीही मिळणार नाही." भीती खोटी नाही. दुसरा म्हणाला, मग निर्दोष सुटलेल्या मेलेल्या माणसाचं नावही घ्यायचं नाही का? शेवटी गुरुजींनी तोड काढली: मजकुरात एकही विशेषण नको. तारीख, कोर्ट, निकाल. खालच्या कोर्टाचा शिक्षेचा निकाल आणि मधला सर्वोच्च न्यायालयाचा आदेशसुद्धा गाळायचा नाही. तसाच लिहिला. मला वाटतं विशेषणांवाचूनच तो जास्त बोचतो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

तोरणाखाली बैल उभे राहिले, झडत्या (पोळ्याची गाणी) सुरू झाल्या. आमच्या पोरांनी एक नवी केली होती:

"जामीन झाला मंजूर, तरी मानूस राह्यला आत,
सातबारा नाई गरिबाले, कोन देईन साथ?
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

हर हर महादेव तर साऱ्या गावानं म्हटलं. पाटलांनी विचारलं, कोणाचा जामीन रे? सभेची जाहिरात एवढ्यात झाली, पत्रकं छापायचे पैसे वाचले.

४ सप्टेंबर, गुरुवार

ठाण्यात भोंग्याच्या परवानगीचा अर्ज दिला. विसर्जनाच्या बंदोबस्ताची धावपळ होती, कुणी फार विचारलं नाही. विषय लिहिला: अटक व जामीन यासंबंधी कायदेविषयक मार्गदर्शन. वक्त्या सरकारी योजनेतल्या वकील, हे वाचून शिक्का पडला.

१३ सप्टेंबर, शनिवार

दिवसभर पाऊस. मंडप पटांगणातून काढून शाळेच्या व्हरांड्याला टेकवून बांधला. बांधायला बेड्यावरची चार पोरं आली, सुटून आलेलाही त्यात होता. बांबूवर चढून तोच दोर आवळत होता. गावातल्या पोरांत आणि त्यांच्यात बोलणं काही झालं नाही; दोर धर, सोड, एवढंच.

चिवडा बचत गटाच्या बायांनी केला, कच्चा माल आमचा.

१४ सप्टेंबर, रविवार

अकराची वेळ दिली होती, माणसं साडेबाराला जमली. पाऊस उघडला होता, त्यामुळे निम्मे लोक फवारणीला गेले असणार, त्यांना दोष नाही. बाया आधी आल्या. बेड्यावरची माणसं आली ती मंडपाच्या कडेला, चपलांजवळ बसली. सरपंचताई स्वतः उठून गेल्या आणि मायला हात धरून पुढच्या सतरंजीवर आणलं. बाकीचे कडेलाच राहिले.

सुरुवात भाषणानं केली नाही. शाळेतली चार मुलं उभी केली आणि म्हटलं, समजा हे चौघं जेलात आहेत. तिघांच्या हातात 'खटला बाकी' अशा पाट्या दिल्या, एकाच्या हातात 'शिक्षा झाली'. लोकांना वाटलं उलटं झालं. एक आजोबा ओरडले, "पाट्या बदलल्या रे पोट्टेहो!" मी म्हटलं, नाही आजोबा, बरोबर आहेत. देशाचा हिशेब असाच आहे. मग कुजबुज सुरू झाली. वाचून दाखवलेल्या आकड्यानं असं झालं नसतं.

मॅडम बोलल्या ते बसूनच, सतरंजीवर. अटक झाली तर काय काय मागायचं: अटकेचं कारण, नातेवाइकाला खबर, वकील, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणं. नातेवाइकाच्या खबरेचं फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहे, बाकीचं राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमात. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. "एमसीआर झाला" असं वकील म्हणाला की लगेच जामिनाचं विचारायचं. जामीनपात्र गुन्ह्यात एका आठवड्यात जामीनदार मिळाला नाही तर तो माणूस गरीब आहे असं धरून कोर्टानं जातमुचलक्यावर सोडायचं असतं. साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्कच तयार होतो, पण अर्ज आपण द्यावा लागतो, आणि तोही पोलिसांनी कागद दाखल करायच्या आधी. आतल्या माणसाला हे दिवस कोण मोजून देतं? भिंतीवरच्या कालनिर्णयवर घरच्यांनीच मोजायचे.

मग काका उठले. माईक नको म्हणाले. "माह्या केबलीचं काय?"

मॅडमनी विचारलं, केबल सापडली का? नाही. ज्याला पकडलं त्याच्याकडे काही मिळालं का? काकांना माहीत नव्हतं. "पुढे तपास कुठवर आला म्हणून ठाण्यात विचारलंत?" "मानूस भेटला म्हने. मंग काय विचारू?"

मॅडमनी तेव्हा नाशिककडचं प्रकरण सांगितलं, २००३ मधलं. दरोडा आणि खुनाचं. भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली होती, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सहाही जणांना फाशीच सुनावली. नंतर फेरविचार झाला. प्रत्यक्षदर्शी बाईनं पोलिसांच्या अल्बममधून सुरुवातीला चार वेगळ्याच माणसांचे फोटो ओळखून दाखवले होते, आणि त्यांचा तपास झालाच नव्हता. ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सुटले, प्रत्येकाला पाच लाख भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. "काका, ते चौघं कोण होते? ज्यांच्या घरात खून पडले त्यांनी आता कोणाला विचारायचं?"

काका थोडा वेळ उभेच राहिले. मग म्हणाले, "मंजे माही फाईल बंद केली का त्याईनं?" आणि बसले. पटलं की नाही ते सांगता येत नाही. पण संताप जरा दुसऱ्या दिशेला वळला एवढं दिसलं.

गुरुदेव सेवा मंडळाचे एक आजोबा लोकांची जेलची लाज घालवायला उठले. जेलात गेला म्हणून माणूस वाईट नसतो, तुकडोजी महाराजांनाही बेचाळीस साली इंग्रजांनी आत टाकलं होतं, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. माय बसल्या जागेवरून बोलली, मोठ्यानं नाही: "महाराजाईच्या गयात लोकाईनं हार घातले असतीन, बावा. माहा पोरगा आला तं किराना दुकानवाल्यानं त्याले उंबऱ्याच्या आत येऊ नाई देल्लं." यावर टाळ्या नाहीत. आजोबांनी हात जोडले.

जामीनदारांच्या नावांची वही फिरवली. खरं काम हेच होतं. गुरुजींनी पहिलं नाव स्वतःचं लिहिलं, सरपंचताईंच्या मालकांनी दुसरं, मग वही सतरंजीवर जरा जास्तच वेळ पडून राहिली. आणखी थोडी नावं आली. बऱ्याच जणांनी "पाहू" म्हटलं आणि वही पुढे सरकवली. काकांनीही सरकवली.

तेवढ्यात बचत गटाच्या अध्यक्ष उठल्या. "आमच्या नावावर शेत नाई. सातबारा मालकाचा. पन गटात पैसे हायेत आमचे. जामीनदाराच्या जागी पैसे चालतात का?"

मॅडमचा चेहरा उजळला. कोर्टानं परवानगी दिली तर जामीनदाराऐवजी तेवढी रक्कम रोख ठेवता येते. आरोपी तारखांना हजर राहिला तर ती शेवटी परत मिळते. शिवाय २०२३ पासून केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठी योजना आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीनं मंजूर केलं तर कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी, २०२३ च्या नियमांनुसार, चाळीस हजारांपर्यंत रक्कम सरकार भरतं. यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), अमली पदार्थ वगैरे कायद्यांखालच्या केसेस तिच्यात बसत नाहीत. तो अर्ज आधी करायचा, गटाचे पैसे नंतर, असं मॅडमनी दोनदा बजावलं.

हे आमच्या कुठल्याच बैठकीत कुणाला सुचलं नव्हतं. गावातली निम्मी माणसं सातबाऱ्याबाहेर आहेत आणि आम्ही सातबारावाल्यांचीच वही घेऊन फिरत होतो.

बीट जमादार मागे उभे होते. पांडू नरोटेचा फलक त्यांनी पूर्ण वाचला, मोबाईलवर फोटो काढला, चिवडा घेतला आणि गेले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

फलक वाचनालयाच्या भिंतीवर लावले. दोघांनी वहीतून नाव खोडायला सांगितलं, घरून बोलणी बसली म्हणे. खोडलं. नाखुशीचा जामीनदार काही कामाचा नाही, पहिल्याच तारखेला अर्ज देऊन मोकळा होईल.

काका केंद्रावर आले. ठाणेदारांच्या नावानं अर्ज टाइप करून दे म्हणाले: माझ्या केबलचोरीच्या तपासाची सद्यस्थिती कळवावी. करून दिला. पोच घेऊनच या, असं सांगितलं. पैसे विचारले तर म्हटलं, प्रिंटचे द्या.

२८ सप्टेंबर, रविवार

बेड्यावरून आणि शेजारच्या दोन गावांतून मिळून आत असलेल्यांची यादी पक्की झाली. मॅडमकडे दिली. ई-कोर्ट्सवर पाहता आणखी एकाचा जामीन झालेला निघाला, जूनमधला. त्याच्यासाठी गरीब कैद्यांच्या योजनेचा अर्ज मॅडम करणार आहेत. तो मंजूर होईपर्यंत थांबायचं की गुरुजींना जामीनदार म्हणून न्यायचं, हे त्याच्या बापाला विचारायचं आहे. बाप वीटभट्टीवर अकोल्याकडे गेला आहे, मोबाईल लागत नाही.

वहीतल्या नावांचे सातबारे काढले. तिघांवर सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे. बोजा असलेला उतारा कोर्टात चालतो का, ऐपतीचा दाखला वेगळा लागेल का, मॅडमना विचारायचं. ऐपतीच्या दाखल्याचे अर्ज तहसीलमध्ये मंगळवारी टाकायचे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी लिहायचं असतं, जुने छापील फॉर्म बाजूला काढले.

बचत गटाची बैठक दसऱ्यानंतर. त्यांनी ठरावाचा मसुदा मागितला आहे: किती रकमेपर्यंत, कोणासाठी, आणि आरोपी तारखेला गेला नाही तर कोणी जाऊन आणायचं. शेवटचा मुद्दा बायांनी स्वतः घातला. शिवाय बेड्यावरच्या बायांना पण गटाच्या बैठकीला बोलवायचं का, यावर गटातच एकमत नाही. सरपंचताई म्हणाल्या, बोलवायचं, मी पाहते.